शिळफाट्याहून इंदूरला : खाणे, वाडे आणि सराफ्याची रात्र

आमचा शिळफाटा रात्री झोपत नाही. खोपोलीच्या वेशीवरचा हा फाटा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. घाट चढण्याआधी इंजिनाला आणि पोटाला विसावा द्यायची जागा ही. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, तरी ट्रकवाले, शनिवार-रविवारचे पाहुणे, पाली-महडचे अष्टविनायकाचे यात्रेकरू यांची वर्दळ चालूच असते. हॉटेलांच्या दिव्यांनी फाटा उजळलेला असतो आणि पलीकडे आपली शेते अंधारात असतात. त्या उजेडात जे खाल्ले जाते, त्यातले आपल्या शेतातले किती? कांदा नाशिकचा, बटाटा घाटावरचा किंवा परप्रांतातला, डाळ लातूरकडची. आपले बहुधा पाणीच.

हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता, हे कबूल करतो. तीस वर्षांच्या जवळपास मी या भागात कृषी खात्याची नोकरी करतो आहे. भाताच्या जाती, युरियाच्या गोळ्या, चारसूत्री लागवड, सगळे सांगून झाले. पण हा प्रश्न पडला तो थेट इंदूरला, सराफा बाजारात, रात्री अकरा वाजता, हातात पानाचा द्रोण धरून. त्या सहलीची ही हकिगत.

निघालो ते असे

ही सरकारी सहल नव्हती. भात झोडून झाले, वाल उगवून वर आला आणि पौषातले चार दिवस मोकळे सापडले. सहा घरांनी वर्गणी काढली, एक मोठी गाडी ठरवली. नवराबायको मिळून बारा माणसे, शिवाय मी आणि आमच्या सौभाग्यवती. इंदूर हे नाव बायकांनी काढले. बचतगटातल्या एकीची बहीण तिकडे दिलेली. तिथे म्हणे सोनाराच्या दुकानांपुढे रात्री खाण्याचा बाजार भरतो आणि बायाबापड्या निर्धास्त हिंडतात.

या मंडळींत एक बापलेक होते. गाव लहान आहे म्हणून नावे सांगत नाही. म्हाताऱ्याची रस्त्याला लागून एकरभर जमीन. तिच्यावर मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचा डोळा. फार्महाऊस बांधायचे म्हणतो. मुलाचा विचार असा की, जमीन द्यावी, आलेल्या पैशातून फाट्यावर गाळा घ्यावा आणि चायनीजचे हॉटेल टाकावे. बाप कागदावर अंगठा देईना आणि मुलगा बापाशी बोलेना. दोन महिने घरात जेवणाच्या पानावर सुद्धा शब्द नव्हता. म्हातारी मला म्हणाली, "साहेब, दोघांना बी संगती न्या. गाडीत बसल्यावर जातील कुठं?"

पहाटे चारला महडच्या वरदविनायकाच्या दिशेने हात जोडले आणि निघालो. गंमत म्हणजे आपला शिळफाटा सोडून तास-दीड तास होतो न होतो, तो पनवेल-तळोजा मागे टाकून दुसरा शिळफाटा आला, कल्याणच्या वाटेवरचा, ठाणे जिल्ह्यातला. आमच्यातल्या एक वहिनी डुलकीतून जाग्या होऊन म्हणाल्या, "अगो बाय, आपन परत घरी आलो का काय?" गाडीतला पहिला हशा तो. म्हातारा हसला, मुलगाही हसला, पण दोघे एकमेकांकडे न पाहता.

भिवंडी सोडून आग्रा रस्त्याला लागलो की कसारा घाट. तो चढला की माती बदलते, माणसांचे पागोटे बदलते. नाशिकच्या द्राक्षांच्या मांडवांत मणी भरत आले होते. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, तो पाहायला घटकाभर थांबलो. लाकडी खांबांवरचे कोरीवकाम आणि भिंतींवरची चित्रे अजून शाबूत आहेत. पुढे मालेगाव, धुळे, शिरपूर. पळासनेर सोडले की मध्य प्रदेश, मग सेंधव्याचा कापूस आणि खलघाटला नर्मदा. पुलावर गाडी सावकाश घेतली. बायकांनी नाणी टाकली, म्हाताऱ्याने टोपी काढली. मानपूरचा घाट चढून महूला आलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ मध्ये इथलाच. त्यांच्या स्मारकाला नमस्कार करून रात्री इंदुरात पोहोचलो. सहाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता झाला. त्या रात्री कोणी कुठे गेले नाही, राजवाड्याजवळच्या धर्मशाळेत सगळे आडवे झाले.

सकाळचे पोहे

इंदूरची सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते. आपण पोहे कढईत परततो. तिथे फोडणी दिलेले पोहे मोठ्या परातीत घालून खाली वाफेच्या पातेल्यावर ठेवतात, त्यामुळे ते तासन्‌तास मऊ राहतात. वर बारीक शेव, कांदा, लिंबू आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला. शेजारी गरम जिलेबी. गोड आणि तिखट एकाच वेळी खायचे, ही माळव्याची रीत.

पण खरी बातमी पुढेच आहे. इंदुरात गोष्ट सांगतात ती अशी की, हे पोहे तिथे रुजवले ते आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या निजामपूरकडून गेलेल्या एका मराठी माणसाने. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत तो आतेकडे राहायला गेला आणि टिळकपथावर त्याने छोटे उपाहारगृह काढले. दुकानदाराने हे सांगितल्यावर आमच्या मंडळींनी एकमेकांकडे असे पाहिले, जणू घरचीच कोणी वस्तू परक्या गावात सापडली. पेणचे पोहे-पापड आपल्याला ठाऊक आहेत. माळवा मात्र गहू-सोयाबीनचा मुलूख, तिथे भात फारसे होत नाही. भात बाहेरून येते, पोह्यांच्या गिरण्या उज्जैनला चालतात आणि इंदूर शहर रोज सकाळी ते खाते. भात पिकवणारे आम्ही तिथे उभे राहून पैसे देऊन पोहे खात होतो. 'पिकतं तिथं विकत नाही' असे आपण म्हणतो. इंदूरचे लोक मात्र न पिकणारेही विकतात.

तीनदा जळलेला वाडा

राजवाडा शहराच्या मध्यावर आहे. सात मजली दरवाजा, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. मराठी वाड्याची बांधणी आणि तिकडची कलाकुसर एकत्र पाहायची तर ही जागा. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा या वाड्याला आग लागली. पहिली लढाईत, शेवटची दंगलीत. दर वेळी तो पुन्हा उभा केला.

वाडा बांधणाऱ्या घराण्याची मुळे आपल्याच मातीतली. मल्हारराव होळकर (१६९३-१७६६) हे नीरेकाठच्या होळ गावचे धनगराचे पोर. मेंढ्या राखता राखता तलवार धरली, १७३९ च्या वसईच्या मोहिमेतही ते होते. त्यांची सून अहिल्याबाई चौंडी गावच्या पाटलाची लेक. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी कारभार केला, तोही महेश्वरला राहून. इंदूर राजधानी झाले ते पुढे, १८१८ नंतर. काशीचे विश्वनाथ मंदिर त्यांनी पुन्हा बांधले आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या, हे आपण शाळेत वाचलेले. पण वाड्यासमोर उभे राहिल्यावर आमच्यातल्या बायकांनी जो प्रश्न विचारला तो पुस्तकात नाही. "सासरा, नवरा, पोरगा सगळे गेल्यावर ती बाई येवढा खटाला कसा चालवत असंल?" गाइडला उत्तर आले नाही. मलाही आले नाही.

जवळच कान्ह नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, होळकरांच्या समाध्या. संध्याकाळी दिवे लागले की फार सुंदर दिसतात. आणि मराठी ऐकायला येते ती पावलोपावली. वळण वेगळे, पण आपलीच. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ मध्ये याच शहरातला. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे कापडगिरण्यांच्या कामगारांचे रोषणाईचे देखावे निघतात, त्यांना झांकी म्हणतात. रात्रभर सारे शहर रस्त्यावर असते. गिरण्या बंद पडल्या, पण कामगारांनी झांकी सोडलेली नाही. एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराने हे सांगताना छातीवर हात ठेवला.

खताचा खड्डा, शंभर वर्षांपूर्वीचा

दुपारी मंडळींना मी माझ्या हट्टाने कृषी महाविद्यालयात नेले. बायका कुरकुरल्या. पण शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला इंदूर हे नाव पहिल्यांदा भेटते ते खाण्यामुळे नाही, खतामुळे. बी.एस्सी.च्या पुस्तकात आम्ही 'इंदूर पद्धतीचे कंपोस्ट' पाठ केले, त्याचे जन्मस्थान हे.

१९२४ मध्ये इथे वनस्पती उद्योग संस्था निघाली, होळकर सरकारने जमीन दिली. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ तिचे प्रमुख. त्यांचे म्हणणे असे की, हिंदुस्थानचा शेतकरी हाच माझा गुरू. तो शेण, पालापाचोळा, राख सगळे वापरतो, फक्त नीट रचत नाही. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये पुस्तक लिहून ही रीत जगापुढे मांडली. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही इथे येऊन ती पाहिली. आज जगभर ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात, तिच्या मुळाशी हा खड्डा आहे आणि खड्ड्याच्या मुळाशी आपला गोठा.

रीत सोपी आहे. शेतातला काडीकचरा, पाला, तण गोळा करावे. मऊ आणि कडक मिसळून वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर द्यावा. त्यावर शेणकाला, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी राख यांचा सडा घालावा. असे थरावर थर रचून खड्डा भरावा. ओल राखावी, चिखल करू नये. पंधरा दिवसांनी एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा पालटावे. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. आपल्या कोकणातल्या पावसात खड्डा पाण्याने भरतो, म्हणून पावसाळ्यात खड्डा न करता उंचवट्यावर ढीग रचावा आणि वर पेंढ्याचे छप्पर घालावे. हेही हॉवर्ड यांनीच सांगून ठेवले आहे की पावसाळ्यात ढीगच बरा.

हे सगळे मी ऐटीत सांगत होतो. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमी आमच्या वाडीत खड्डे खणून घेतलेले. फोटू काढलात. मंग परत नाय आलात." मंडळी गप्प झाली. ते खरे होते. नोकरीच्या सुरुवातीला खड्ड्यांचा आकडा वर कळवायचा असे. मी खड्डे मोजले, खत कधी मोजले नाही. आणि आपण शेण-पाला अजूनही राबात जाळतो. रोपवाटिकेच्या तुकड्यावर कवळ, शेण, पाला पसरून पेटवून देतो. एका तुकड्याला राख मिळावी म्हणून चार तुकड्यांचे खत धुरात जाते. हे सांगायला मी परत जायला हवे होते. म्हाताऱ्याला मी तिथेच म्हटले, "चुकले माझे." तो म्हणाला, "चुकले तर चुकले. आता तरी या."

इंदूर शहराने मात्र खड्डा विसरलेला नाही. २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात त्याचा पहिला क्रमांक सलग लागत राहिला, तो केवळ झाडू मारून नव्हे. घरोघर ओला आणि सुका कचरा वेगळा घेतात. देवगुराडिया इथे ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा कारखाना १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला, रोज ५५० टन कचरा पचवण्याच्या ताकदीचा. त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात आणि मागे खत उरते. हॉवर्डचा खड्डाच तो, फक्त लोखंडाचा.

सराफ्याची रात्र

आता ज्यासाठी आलो ते. राजवाड्यामागे सराफा बाजार. दिवसा सोन्याचांदीची दुकाने. रात्री आठ-नऊला दुकानांची फळी पडते आणि त्याच पायऱ्यांवर कढया, शेगड्या, परात्या मांडल्या जातात. लोक सांगतात की, पूर्वी सोनारांनीच खाण्याच्या गाड्यांना बसू दिले, रात्रभर माणसे राहिली की चोराची भीती नाही. रात्री एक-दोन वाजेपर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. म्हाताऱ्या बायका, कडेवर पोरे घेतलेल्या सुना, कॉलेजची मुले, सगळे तिथे. दारूचा वास कुठे नाही. आमच्या बायका म्हणाल्या, रात्री बाराला बाहेर उभे राहून खाण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ.

काय काय खाल्ले ते सांगतो. दहीवडा देणारा दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवतो आणि थेंब न सांडता झेलतो. एका चिमटीत चार-पाच मसाले धरून एकेक वेगळा सोडतो. खोबऱ्याचे सारण भरलेली पॅटिस. पावशेराच्या वर भरणारी एकच जिलेबी, तिला जलेबा म्हणतात. माव्याची बाटी, मालपुवा, रबडी. शिकंजी म्हणजे आपल्याला लिंबाचे सरबत वाटते, इथली मात्र आटीव दुधाची, केशर-सुकामेव्याची. आणि भुट्ट्याचा कीस. हा बायकांनी समोर उभे राहून शिकून घेतला, तो असा : दुधाळ कोवळी कणसे किसावीत. तुपात मोहरी, जिरे, हिंग, हिरवी मिरची टाकून कीस मंद आचेवर चांगला परतावा. मग दूध घालून मऊ शिजू द्यावा. मीठ, चवीपुरती साखर, लिंबू. वर ओले खोबरे आणि कोथिंबीर. आपल्याकडे पावसाळ्यात कणसे भाजून विकतात. त्याच कणसांचे हे दुसरे रूप.

तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावर म्हातारा थांबला. मोठ्या कढईत काहीतरी पांढरे तुकडे तळले जात होते. विकणारा ते आधी हलके तळून ठेवी, गिऱ्हाईक आले की पुन्हा कडकडीत तळून त्यावर मसाला भुरभुरवी आणि लिंबू पिळी. भोवती सगळ्यात जास्त गर्दी. 'गराडू, गराडू' असा पुकारा. कढईशेजारी टोपलीत मातीने माखलेले वेडेवाकडे कंद. म्हाताऱ्याने एक उचलला, नखाने साल खरवडली, वास घेतला आणि मोठ्याने म्हणाला :

"साहेब, ह्यो त आपला कोन!"

खरेच. आपला कोन, कोनफळ. पुस्तकात त्याला घोरकंद म्हणतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये आळ्यात लावतात, वेल काठीवर नाहीतर कुंपणावर चढवतात आणि पौषात खणून काढतात. परसात चार वेल असतात, उपासाला नाहीतर पोपटीत जातात, उरले तर जावयाला देतात. पीक म्हणून त्याची नोंद मी माझ्या डायरीत कधी केली नाही. त्याला रकानाच नव्हता. दापोलीच्या आपल्या विद्यापीठाने 'कोकण घोरकंद' नावाची जातही दिली आहे. माळव्यात रतलामकडे हाच कंद शेतात मुद्दाम लावतात आणि थंडीचे दोन-तीन महिने इंदूरकर त्यासाठी रांग लावतो. एका द्रोणाला त्याने जे पैसे घेतले, तेवढ्यात आमच्या बाजारात व्यापारी किलोभर कोन मागतो.

हाच कंद आणखी दूर, समुद्रापार फिलिपिन्स देशातही खातात. आम्हा कृषीवाल्यांना तो देश भातामुळे ठाऊक. लॉस बानोस इथे १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली आणि तिथली आय.आर. ८ ही जात १९६६ मध्ये जगभर गेली. तिथे जांभळ्या कोनाला 'ऊबे' म्हणतात. त्याचा दूध-साखर घालून घट्ट मुरांबा करतात, केक आणि आइस्क्रीमही करतात. शहरात आलेला पाहुणा ते खाल्ल्याशिवाय परतत नाही. तिथून आपण भाताच्या जाती शिकलो. कोन तर आपल्या परसातच होता, त्याचे काय करायचे ते मात्र शिकलो नाही.

मुलगा सारा वेळ मागे उभा होता. त्याने विकणाऱ्याशी हिंदीत बोलणे काढले. दिवसाला किती किलो लागतो, कोण आणून देतो, तेल किती वेळा बदलतोस, जागेचे भाडे काय. गाडीत दोन दिवस न बोललेला पोरगा तिथे अर्धा तास बोलला. मग त्याने विचारले, "इथे चायनीज चालत नाही का?" विकणारा हसला. चालते, म्हणाला, आणि त्यावरूनच भांडण आहे. मोमो-चायनीजच्या गाड्या वाढल्या, गल्लीत गर्दी आणि सिलिंडर वाढले. सोनारांची तक्रार, जुन्या गाड्यांची तक्रार, २०२५ मध्ये हा वाद महापालिकेपर्यंत गेला. त्याचा शेवटचा शब्द मला आठवतो : "भैया, नूडल तो हर गली में है. गराडू के लिए आदमी यहाँ आता है."

सराफ्यात सगळेच गोड आहे असे नव्हे. अरुंद गल्ली, पेटत्या शेगड्या आणि एवढी माणसे, काही झाले तर पळायला वाट नाही. तळणाचा मारा एवढा की दुसऱ्या दिवशी आमच्यातले दोघे ताकावर होते. तेव्हा जाल तर थोडे थोडे चाखा, आणि दोघांत एक द्रोण घ्या.

परतीची वाट

परतताना धामणोदहून थोडे आत महेश्वरला गेलो. अहिल्याबाईंचा साधा वाडा, त्यांची गादी, नर्मदेचा लांबरुंद घाट. राणीचे राहणे पाहून बायका म्हणाल्या, आपल्या पाटलाचे घर याहून मोठे. खाली गल्ल्यांतून हातमागांचा खटखट आवाज येतो, महेश्वरी लुगड्यांचा. घाटावर बापलेक शेजारी बसलेले मी दुरून पाहिले. काय बोलले ते ऐकले नाही. पण बोलत होते.

शिळफाट्यावर पुन्हा

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या शेतात पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, कोन, रताळी, ओवा आणि जाडे मीठ. तोंडाला पुन्हा पाला दाबून मडके पालथे घातले आणि भोवती जाळ केला. अर्ध्या तासात तो वास सुटला, जो रायगडच्या माणसाला हिवाळ्यात कुठेही ओळखू येतो. शेत रस्त्याला लागून. एक गाडी थांबली, नवरा, बायको, दोन मुले. "काय करताय हो हे? विकत मिळेल का?" मुलाने बापाकडे पाहिले. बाप म्हणाला, "इकत कशाला? या, बसा." ती माणसे बसली, पोटभर जेवली आणि जाताना मुलाच्या हातावर आपण होऊन पैसे ठेवून गेली. त्याने ते बराच वेळ मुठीत धरले होते.

तेव्हापासून तो शनिवारी-रविवारी शेताच्या कडेला पोपटी लावतो. किती मिळतात? फार नाही. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, वालाच्या शेंगा संपल्या की खेळ संपला. पुढे पावसाळ्यात कणसाचा कीस करून पाहू म्हणतो. गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या रकमेपुढे हे काहीच नाही, हे मी त्यालाही सांगितले. जमिनीचा कागद अजून पेटीत आहे, फाडलेला नाही आणि सही केलेलाही नाही. मी सल्ला देत नाही. ज्याला मुलीचे लग्न, दवाखाना, कर्ज आहे, त्याला जमीन ठेव म्हणणे पगारदाराला सोपे असते.

वाचक मंडळींना एवढेच सांगतो. जमले तर एकदा इंदूरला जा. मार्गशीर्ष-पौषात जा, तेव्हा गराडू असतो आणि आपली कामे हलकी असतात. मुक्काम राजवाड्याच्या आसपास करा, म्हणजे सराफ्यातून पायी परतता येते. सकाळी पोहे, दुपारी वाडा आणि खताचे जन्मस्थान, रात्री सराफा, आणि येताना महेश्वर. तीन दिवस पुरतात. आणि तिथे खाताना प्रत्येक द्रोणात पाहा, यातले आपल्या परसात काय आहे.

मागच्या आठवड्यात मी म्हाताऱ्याकडे खड्डा पालटायला गेलो होतो. हो, या वेळी परत गेलो. त्याने मला माळ्यावर नेले. राखेत घोळवून, पेंढ्यावर एकेक सुटा ठेवलेला कोन. चांगले तीस-चाळीस असतील. म्हटले, "एवढे खायचे कधी?"

"खायाचे नाय," तो म्हणाला. "ह्ये बेनं हाय. जेठात लावायाचे."

मी मान डोलावली आणि खाली उतरलो. विकायच्या जमिनीसाठी कोणी बेणे राखत नाही. पण हे मी मनातच म्हटले.